स्नॅप-२५ : एक जनुक, एक प्रथिन आणि बदल नेमका कुठे झाला हा प्रश्न

१९८९ या वर्षी अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे हे त्या वेळी कोणालाही ठाऊक नव्हते. कॅलिफोर्नियातील ला होया येथे मायकेल विल्सन यांच्या गटाने उंदराच्या मेंदूतील एका नव्या प्रथिनाचे वर्णन प्रसिद्ध केले. हे प्रथिन चेतापेशींच्या टोकांशी मोठ्या प्रमाणात आढळत होते, त्याचे वस्तुमान सुमारे २५ किलोडाल्टन होते, पण ते तिथे काय काम करते हे अद्याप उलगडलेले नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बोटुलिनम विषाचा अत्यल्प मात्रेतील वापर तिरळेपणा आणि पापण्यांचे अनैच्छिक आकुंचन यांवरील उपचारासाठी मान्य केला. हे विष स्नायू शिथिल करते हे डॉक्टरांना माहीत होते, परंतु चेतापेशीच्या आत ते कशावर घाव घालते हे माहीत नव्हते. उत्तर १९९३ मध्ये मिळाले. उपचारांत सर्वाधिक वापरला जाणारा या विषाचा ‘ए’ प्रकार विल्सन यांच्या गटाने वर्णिलेले तेच प्रथिन तोडतो, आणि तेही त्याच्या शेवटच्या टोकाची अवघी नऊ अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतील नऊ दुवे, वेगळी करून.

या प्रथिनाचे आणि ते घडवणाऱ्या जनुकाचेही नाव स्नॅप-२५. गेल्या काही वर्षांत हे नाव प्रयोगशाळांच्या बाहेर पडले आहे. लहान मुलांना वारंवार येणाऱ्या आकड्या आणि खुंटलेली वाढ यांचे कारण शोधण्यासाठी केलेल्या जनुकीय तपासणीच्या अहवालात ते येते, आणि चंचल मुलांविषयीच्या लेखांतही येते. अशा ठिकाणी बहुतेकदा ‘या जनुकात बिघाड आहे’ एवढेच वाक्य वाचायला मिळते. ते वाक्य अपुरे आहे. प्रथिन तयारच न होणे, निम्मे तयार होणे आणि पूर्ण तयार होऊनही त्यातील एखादे अमिनो आम्ल चुकीचे असणे या तीन अगदी वेगळ्या अवस्था आहेत, आणि या जनुकाच्या बाबतीत तिसरी अवस्था दुसरीपेक्षा अधिक घातक ठरू शकते. असे का होते हे समजण्यासाठी आधी हे प्रथिन कुठे बसते आणि काय करते ते पाहावे लागेल.

जनुक ते प्रथिन

स्नॅप-२५ हे जनुक माणसाच्या २० क्रमांकाच्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे. डीएनएवर ते सुमारे ८८ हजार अक्षरांची जागा व्यापते. त्यातून तयार होणारे प्रथिन मात्र २०६ अमिनो आम्लांचे, म्हणजे आकाराने लहानच आहे. प्रत्येक अमिनो आम्लासाठी डीएनएची तीन अक्षरे लागत असल्याने प्रत्यक्ष मजकूर जेमतेम सहाशे अक्षरांचा भरतो. उरलेला भाग मधल्या मोकळ्या पट्ट्यांचा आणि नियंत्रणासाठी लागणाऱ्या मजकुराचा असतो. जनुकाची नक्कल आरएनएच्या रूपात उतरवली गेली की मधल्या पट्ट्या कापून टाकल्या जातात आणि उपयोगी तुकडे एकमेकांना जोडले जातात.

या जोडणीत एक वैशिष्ट्य आहे. जनुकातील पाचवा उपयोगी तुकडा दोन पर्यायी रूपांत उपलब्ध आहे आणि अंतिम आरएनएमध्ये त्यांपैकी एकच घेतला जातो. त्यामुळे एकाच जनुकातून प्रथिनाच्या ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन आवृत्त्या निघतात. त्यांच्यात केवळ नऊ अमिनो आम्लांचा फरक असतो. मेंदू घडत असताना ‘ए’ आवृत्ती प्रामुख्याने आढळते, आणि जन्मानंतर सिनॅप्स, म्हणजे चेतापेशींमधील संदेशवहनाच्या जागा, पक्के होत जातात तसतशी ‘बी’ आवृत्ती वरचढ होते. एखादा बदल नेमका या पाचव्या तुकड्यात आला, तर तो एकाच आवृत्तीपुरता मर्यादित राहतो आणि दुसरी आवृत्ती अबाधित राहते. पुढे येणाऱ्या एका रुग्णाच्या बाबतीत असेच घडले होते.

पटलाशी जोडलेले, पण पटलाच्या आरपार नसलेले

पेशीला वेढणारे पटल हा स्निग्ध पदार्थांचा दुहेरी थर असतो. अनेक प्रथिने या थराच्या आरपार गेलेली असतात. त्यांचा एक भाग पेशीबाहेर, एक आत आणि मधला भाग थरात रुतलेला असतो. स्नॅप-२५ मध्ये आरपार जाणारा असा भागच नाही. पेशीद्रवात तयार झालेले हे प्रथिन पटलाच्या आतल्या बाजूला चिकटून राहते, ते एका वेगळ्या रासायनिक व्यवस्थेमुळे. प्रथिनाच्या मधल्या पट्ट्यात, साखळीच्या सुरुवातीपासून मोजल्यास ८५ ते ९२ या क्रमांकांच्या दरम्यान, सिस्टीन नावाची चार अमिनो आम्ले जवळजवळ आहेत. पेशीतील एंझाइमे या सिस्टीनांना पामिटिक आम्लाच्या लांब स्निग्ध साखळ्या जोडतात, आणि त्या साखळ्या पटलाच्या स्निग्ध थरात शिरून बसतात. प्रथिनाची दोन्ही टोके मात्र पेशीद्रवात मोकळी राहतात.

पटलाशी संलग्न असे वर्णन करताना नेमके हेच अभिप्रेत असते. ही जोडणी उलटवता येते. स्निग्ध साखळ्या काढून टाकल्या तर प्रथिन पटलावरून सुटू शकते. प्रथिनाचा मधला भाग पटलाशी जखडलेला आणि दोन्ही टोके मोकळी, ही रचना त्याच्या कामाला अत्यंत अनुरूप आहे.

स्रवणाचा क्षण

दोन चेतापेशी जिथे एकमेकींच्या जवळ येतात त्या जागेला सिनॅप्स म्हणतात. तिथे त्यांची पटले एकमेकांना चिकटलेली नसतात. त्यांच्यामध्ये सुमारे २० नॅनोमीटरची फट असते. विद्युत संकेत एका पेशीच्या टोकापर्यंत येऊन थांबतो, आणि फट ओलांडण्याचे काम रसायने करतात. ही चेतापारेषक रसायने पेशीच्या टोकात सुमारे ४० नॅनोमीटर व्यासाच्या पुटिकांमध्ये, म्हणजे पटलाने वेढलेल्या अतिसूक्ष्म पिशव्यांमध्ये, साठवलेली असतात. संकेत आला की पुटिकेचे पटल पेशीच्या पटलाशी एकरूप होते, आतली रसायने फटीत सांडतात आणि समोरच्या पेशीपर्यंत पोहोचतात. ही रसायने ठरावीक आकाराच्या गठ्ठ्यांत बाहेर पडतात हे बर्नार्ड कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात बेडकाच्या स्नायूंवरील प्रयोगांतून दाखवले होते, आणि त्या कामासाठी कॅट्झ यांना १९७० मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. गठ्ठा उघडतो कसा, हा प्रश्न मात्र पुढची कित्येक वर्षे तसाच राहिला.

अडचण अशी आहे की दोन पटले आपण होऊन एकत्र येत नाहीत. त्यांच्या पृष्ठभागांवरील विद्युतभार आणि त्यांना वेढणारे पाण्याचे रेणू यांमुळे ती एकमेकांना दूर ठेवतात. ती इतकी जवळ आणायची की त्यांचे स्निग्ध थर मिसळावेत, तर त्यासाठी ऊर्जा लागते. ही ऊर्जा तीन प्रथिनांच्या एकत्र येण्यातून मिळते. त्यांपैकी सिनॅप्टोब्रेव्हिन पुटिकेवर असते, तर सिंटॅक्सिन आणि स्नॅप-२५ ही दोन पेशीच्या पटलावर असतात. जेम्स रॉथमन यांच्या गटाने १९९३ मध्ये गाईच्या मेंदूतील अर्कातून ही तिन्ही प्रथिने एकाच संकुलाचे घटक म्हणून वेगळी केली. या गटातील प्रथिनांना स्नेअर प्रथिने म्हणतात. रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस स्यूडहॉफ यांना २०१३ मध्ये शरीरशास्त्र व वैद्यकाचे नोबेल मिळाले ते पेशीतील पुटिकांच्या वाहतुकीचा उलगडा केल्याबद्दल.

या तीन प्रथिनांपासून सर्पिलाकार असे चार पदर तयार होतात. दोरी वळताना पदर एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे एकमेकांभोवती पीळ घेत जातात, तसेच हे पदर पुटिकेपासून दूरच्या टोकाकडून पटलाकडच्या टोकाकडे घट्ट होत जातात, आणि पीळ पुढे सरकेल तशी पुटिका पेशीपटलाकडे खेचली जाते. सिंटॅक्सिन आणि सिनॅप्टोब्रेव्हिन प्रत्येकी एक पदर देतात, आणि स्नॅप-२५ एकटे दोन पदर देते. त्याचा मधला भाग पटलाशी जखडलेला आणि दोन्ही टोके मोकळी का असतात, ते इथे लक्षात येते. प्रत्येक मोकळा भाग संकुलात एकेक पदर पुरवतो.

१९९८ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने या संकुलाची रचना अणूंच्या पातळीवर पाहता आली. चारही पदरांच्या आतल्या बाजूला पाण्यापासून दूर राहणारी अमिनो आम्ले थरांच्या रूपात एकमेकांना घट्ट लागून बसलेली दिसली. बरोबर मध्ये मात्र एक थर निराळा आहे. त्यात सिनॅप्टोब्रेव्हिनचे एक अर्जिनीन आणि तीन ग्लुटामीन आहेत. या तीन ग्लुटामीनांपैकी दोन स्नॅप-२५ ची आहेत, क्रमांक ५३ आणि क्रमांक १७४. एकदा पूर्ण जुळलेले हे संकुल इतके पक्के असते की प्रथिनांची रचना उलगडणाऱ्या साबणासारख्या द्रव्यातही ते टिकते, आणि सुमारे ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्याशिवाय सुटे होत नाही. काम झाल्यावर ते सोडवण्यासाठी पेशीला एनएसएफ नावाचे स्वतंत्र प्रथिन वापरावे लागते आणि त्यासाठी एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूची ऊर्जा खर्च करावी लागते. सुटी झालेली प्रथिने मग पुन्हा वापरात येतात.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर पुटिका आपल्या आपण, कधीही उघडल्या असत्या. प्रत्यक्षात संकुल अर्धवट जुळलेल्या अवस्थेत थांबून राहते. विद्युत संकेत आल्यावर कॅल्शियमचे आयन पेशीच्या टोकात शिरतात, पुटिकेवरील सिनॅप्टोटॅग्मिन हे प्रथिन त्यांना ओळखते आणि शेवटचा टप्पा पार पडतो. कॅल्शियम आत येण्यापासून रसायने बाहेर पडेपर्यंत एक मिलिसेकंदही लागत नाही. संकेताच्या नेमक्या क्षणी होणाऱ्या या स्रवणाखेरीज, संकेत नसतानाही अधूनमधून एखादी पुटिका उघडत असते. त्याला उत्स्फूर्त स्रवण म्हणतात. हा फरक वाचकाने ध्यानात ठेवावा, कारण आजारांच्या संदर्भात तो पुन्हा येणार आहे.

नऊ अमिनो आम्ले गेली की काय होते

क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे विष हे ज्ञात विषांमधील सर्वांत तीव्र विषांपैकी एक आहे. जर्मनीत १८२०च्या सुमारास युस्टिनुस केर्नर या डॉक्टरांनी खराब सॉसेज खाल्ल्याने होणाऱ्या विषबाधेची तपशीलवार वर्णने लिहिली होती. बेल्जियममध्ये १८९५ साली हॅम खाल्ल्यानंतर झालेल्या विषबाधेतून एमिल व्हॅन एर्मेंगेम यांनी त्यामागचा जिवाणू शोधला. या विषाचे अनेक प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकार स्नेअर प्रथिनांपैकी ठरावीक प्रथिन ठरावीक जागी तोडतो. ‘बी’ प्रकार सिनॅप्टोब्रेव्हिन तोडतो, आणि धनुर्वाताचे विषही तेच तोडते. ‘ए’ आणि ‘ई’ हे प्रकार स्नॅप-२५ वर हल्ला करतात.

‘ए’ प्रकार १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या मधला बंध तोडतो, म्हणून २०६ पैकी शेवटची नऊ अमिनो आम्ले वेगळी होतात. ‘ई’ प्रकार १८० च्या पुढे तोडतो आणि २६ अमिनो आम्ले जातात. उरलेले प्रथिन पटलावर तसेच राहते. ‘ए’ प्रकाराने तोडलेले स्नॅप-२५ सिंटॅक्सिनला चिकटू शकते, संकुलात भागही घेऊ शकते, फक्त पीळ शेवटपर्यंत, पटलाच्या अगदी जवळ, घट्ट होत नाही. पुटिका दारात येऊन थांबते आणि उघडत नाही. काही प्रयोगांत कॅल्शियम वाढवल्यावर ‘ए’ प्रकाराने बाधित चेतांमधून काही प्रमाणात स्रवण परत मिळवता आले, तर ‘ई’ प्रकाराच्या बाबतीत ते जवळपास साधले नाही. यावरून शेवटची नऊ अमिनो आम्ले अंतिम, कॅल्शियमवर चालणाऱ्या टप्प्यासाठी आवश्यक आहेत, आणि त्यांच्या आधीची सतरा अमिनो आम्ले संकुल टिकण्यासाठीच लागतात, असा निष्कर्ष निघतो. एका विषाच्या दोन प्रकारांनी प्रथिनाच्या टोकाचा असा टप्प्याटप्प्याने अभ्यास करू दिला, हा या विषयातील मला सर्वाधिक विलक्षण वाटणारा भाग आहे.

‘ए’ प्रकाराने तोडलेला तुकडा निकामी होऊन बाजूला पडत नाही, तो जागा अडवतो. प्रत्येक सिनॅप्सजवळ स्नॅप-२५ चे रेणू वारेमाप असतात. उंदराच्या मोठ्या जातीच्या, म्हणजे रॅटच्या, मेंदूतील सिनॅप्सांची मोजणी जर्मनीतील गोटिंगेन येथे २०१४ मध्ये झाली, तेव्हा एका सिनॅप्समध्ये सरासरी वीस हजारांहून अधिक रेणू आढळले. एक पुटिका उघडण्यासाठी मोजकीच संकुले पुरतात. इतका मुबलक साठा असूनही, सर्व रेणू तुटण्याआधीच स्रवण बंद पडू लागते, कारण तुटलेला रेणू धड रेणूच्या जोडीला संकुलात शिरतो आणि काम अडवतो.

उपचारात याच गुणधर्माचा फायदा घेतला जातो. ठरावीक स्नायूत अत्यंत सूक्ष्म मात्रा टोचली की त्या स्नायूकडे जाणाऱ्या चेतांमधून अ‍ॅसिटिलकोलीन हे चेतापारेषक बाहेर पडणे थांबते आणि स्नायू सैल पडतो. ‘ए’ प्रकाराचा तोडणारा भाग चेतापेशीत दीर्घकाळ कार्यक्षम राहतो, म्हणून परिणाम साधारण तीन ते चार महिने टिकतो. चेतापेशी मरत नाही. विषाचा तो भाग हळूहळू नष्ट होतो, नवे स्नॅप-२५ तयार होते आणि संदेश पुन्हा सुरू होतो. तिरळेपणापासून सुरू झालेला हा वापर आज मानेचे वेदनादायी आकुंचन, पक्षाघातानंतर आखडलेले हातपाय, जुनाट अर्धशिशी आणि चेहऱ्यावरील सुरकुत्या इथपर्यंत पोहोचला आहे.

या प्रथिनाशी आपल्याकडच्या घरांचा एक थेट संबंध आहे आणि तो मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. महाराष्ट्रात अनेक घरांत नवजात बाळाला मध चाटवण्याची किंवा गुटी मधात उगाळून देण्याची पद्धत आजही आहे. मधात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनमचे सुप्त बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात आधीपासून वस्तीला असलेले इतर जिवाणू त्यांना वाढू देत नाहीत, पण वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात ते रुजू शकतात, तिथेच विष तयार करू शकतात आणि ते विष बाळाच्या चेतांमधील ही प्रथिने तोडू लागते. सुरुवात बद्धकोष्ठतेने होते. मग बाळ दूध नीट ओढत नाही, रडणे क्षीण होते, पापण्या मिटू लागतात, अंग लुळे पडते आणि पुढे श्वासावर परिणाम होऊ शकतो. हा आजार विरळ आहे, पण टाळण्याचा उपाय पूर्णपणे आपल्या हातात आहे. बाळ एक वर्षाचे होईपर्यंत त्याला मध देऊ नये, अगदी बोटभरही नाही. मध उकळून दिल्यानेही प्रश्न सुटत नाही. तयार झालेले विष उकळण्याने नष्ट होते, बीजाणू मात्र त्या तापमानाला तग धरतात.

उंदरांनी दाखवलेल्या तीन अवस्था

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. प्रथिन नाहीच, निम्मे आहे, किंवा पूर्ण आहे पण सदोष आहे, या तिन्ही अवस्था उंदरांमध्ये तपासल्या गेल्या आहेत.

जनुकाच्या दोन्ही प्रती काढून टाकलेल्या उंदरांचे गर्भ जन्मापर्यंत वाढतात, पण जगत नाहीत. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की संकेताला प्रतिसाद म्हणून होणारे स्रवण त्यांच्यात पूर्ण बंद होते, तरीही उत्स्फूर्त स्रवण चालू राहते, आणि मेंदूची स्थूल रचनाही तयार झालेली असते. मेंदूची उभारणी बऱ्याच अंशी स्नॅप-२५ शिवाय होऊ शकते, परंतु त्याचे चालणे होऊ शकत नाही. जन्मताच श्वासाचे स्नायू आपल्या आज्ञेत असावे लागतात, आणि तिथेच हे पिल्लू संपते.

एकच प्रत गमावलेल्या उंदरांची अवस्था याहून खूपच चांगली असते. पहिल्या नजरेत ते निरोगी दिसतात. कोलोबोमा नावाच्या उंदरांमध्ये गुणसूत्राचा एक तुकडा गहाळ असतो, त्यात स्नॅप-२५ बरोबर आणखीही जनुके जातात, आणि हे उंदीर कमालीचे चंचल असतात. १९९६ मध्ये त्यांच्यात स्नॅप-२५ ची एक प्रत परत घातल्यावर चंचलपणा ओसरला. त्यामुळे चंचलपणात या जनुकाचा हात आहे हे दिसले. प्रथिनाचे प्रमाण कमी होण्याचा परिणाम होतो, पण तो जीवघेणा नसतो.

तिसरी अवस्था ब्लाइंड-ड्रंक नावाच्या उंदरांनी दाखवली. त्यांच्यात प्रथिनाचे प्रमाण कमी झालेले नव्हते. ६७ व्या क्रमांकाचे आयसोल्युसीन बदलून तिथे थ्रिओनीन आले होते, आणि तेही दोनपैकी एकाच प्रतीत. तरी या उंदरांची चाल झोकांडत असते आणि वागण्यातही दोष दिसतात. २००७ मध्ये यामागचे कारण प्रसिद्ध झाले. या एका बदलामुळे स्नेअर संकुलातील घटक एकमेकांना नेहमीपेक्षा अधिक घट्ट धरतात आणि पुटिकांचे चक्र मंदावते. बंध कमजोर झाल्यानेच काम बिघडते असे नाही, तो गरजेपेक्षा पक्का झाला तरी बिघडते.

तिन्ही अवस्था शेजारी ठेवल्या की लक्षात येते की एक प्रत पूर्णपणे गप्प झाली तर दुसरी बऱ्याच अंशी सांभाळून घेते, पण एक प्रत सदोष रेणू बनवत राहिली तर ते रेणू धड रेणूंबरोबर त्याच संकुलांत, त्याच पुटिकेपाशी जाऊन बसतात. बोटुलिनमने तोडलेला तुकडा नेमके हेच करतो.

माणसांमध्ये

माणसांत स्नॅप-२५ मुळे होणारे आजार अलीकडे ओळखले गेले. या जनुकातील बदलाचा संबंध आकड्या आणि बौद्धिक अक्षमता यांच्याशी जोडणारे रुग्णवृत्त २०१३ मध्ये आले. २०१४ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील अँड्र्यू एंगल यांच्या गटाने एका मुलीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिला स्नायूंची दुर्बलता, तोल न राहणे आणि बौद्धिक अक्षमता असा एकत्रित त्रास होता. तिच्यातही बदल ६७ व्या क्रमांकावरच होता, फक्त आयसोल्युसीनच्या जागी अ‍ॅस्परजीन आले होते. हा क्रमांक पाचव्या तुकड्यात येतो, आणि बदल मेंदूत वरचढ असणाऱ्या ‘बी’ आवृत्तीत होता. उंदीर आणि माणूस या दोहोंत एकाच जागेवरील बदलाने चाल बिघडावी, हे त्या जागेचे महत्त्व दाखवण्यास पुरेसे आहे. या मुलीला ३,४-डायअमिनोपायरिडीन हे औषध दिले गेले. चेतांच्या टोकांतून होणारे स्रवण ते वाढवते. तिची स्नायूंची दुर्बलता त्याने कमी झाली, तोल आणि बौद्धिक अक्षमता यांवर मात्र परिणाम झाला नाही. स्नायूंकडे जाणाऱ्या चेता आणि मेंदूतील सिनॅप्स यांत एकच प्रथिन काम करते, पण दोन्ही ठिकाणांच्या गरजा सारख्या नाहीत.

२०२१ मध्ये २३ व्यक्तींचा एकत्रित अभ्यास आला. बहुतेकांना बालपणीच सुरू झालेल्या आकड्या, विकासातील विलंब आणि बौद्धिक अक्षमता होती, परंतु तीव्रतेत मोठा फरक होता. बदल प्रथिनात सर्वत्र सारखे विखुरलेले नव्हते. पदर तयार करणाऱ्या भागांत ते अधिक होते. त्याच वर्षी वँडरबिल्ट विद्यापीठातील संशोधकांनी अशा रुग्णांतील बदल प्रयोगशाळेतील चेतापेशींमध्ये घालून पाहिले. काही बदलांनी उत्स्फूर्त स्रवण कमी केले, तर काहींनी ते वाढवले. म्हणजे दोन मुलांच्या अहवालावर जनुकाचे नाव एकच, निदानाचे नाव एकच, आणि सिनॅप्समध्ये मात्र उलट दिशेचे दोष, अशी परिस्थिती असू शकते. स्रवण वाढवणारे औषध यांपैकी एकाला उपयोगी पडेल तर दुसऱ्याला अपायकारकही ठरू शकेल. उपचारांचा विचार जनुकाच्या नावावरून न करता विशिष्ट बदलावरून करावा लागेल, असे म्हणण्याचे कारण हे आहे.

चंचलता आणि अवधानातील दोष, म्हणजे एडीएचडी, यांच्याशी या जनुकाचा संबंध हा वेगळा विषय आहे आणि तो वेगळाच ठेवला पाहिजे. कोलोबोमा उंदरांनंतर अनेक देशांत एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये स्नॅप-२५ मधील सामान्य, लोकसंख्येत सर्रास आढळणारे फरक तपासले गेले. काही अभ्यासांत संबंध दिसला, काहींत दिसला नाही, आणि जिथे दिसला तिथेही तो क्षीण होता. असे फरक असंख्य निरोगी माणसांमध्ये असतात. त्यांच्या आधारे एखाद्या मुलाच्या बुद्धीविषयी किंवा स्वभावाविषयी भाकीत विकणाऱ्या तपासण्यांवर पालकांनी पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

अहवाल हातात आल्यावर

आकड्या आणि विकासातील विलंब असलेल्या मुलाची जनुकीय तपासणी डॉक्टरांनी सुचवली असेल तर ती करून घेण्यात निश्चित अर्थ आहे. अहवालात स्नॅप-२५ चे नाव आले, तर बदल कोणत्या क्रमांकावर आहे, त्यामुळे प्रथिन बनणेच थांबते की त्यातील एक अमिनो आम्ल बदलते, आणि बदलाचे वर्गीकरण काय केले आहे, ही माहिती जनुकीय समुपदेशकाकडून समजून घ्यावी. ‘महत्त्व अनिश्चित’ असे वर्गीकरण असेल, तर त्या बदलाला आजाराचे कारण ठरवता येत नाही. अशा वेळी आई आणि वडील दोघांची त्याच जागेची तपासणी फार उपयोगी ठरते. बदल निरोगी पालकातही सापडला तर तो कारण असण्याची शक्यता बरीच घटते. दोघांतही नसेल तर तो मुलामध्ये नव्याने उद्भवलेला आहे, आणि मग कारण असण्याची शक्यता वाढते.

आजवर आढळलेले स्नॅप-२५ चे गंभीर बदल बहुतांशी असे नव्याने उद्भवलेलेच आहेत. बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना डीएनएची नक्कल उतरवताना एखादे अक्षर बदलते, आणि त्यावर आहाराने, गरोदरपणातील वागण्याने किंवा घराण्याच्या इतिहासाने काही फरक पडलेला नसतो. पुढच्या अपत्यात तोच बदल पुन्हा येण्याची शक्यता साधारण एक टक्क्याच्या आसपास सांगितली जाते. ती शून्य धरत नाहीत, कारण क्वचित एखाद्या पालकाच्या काही बीजपेशींत तो बदल असू शकतो आणि रक्ताच्या तपासणीत तो दिसत नाही. पुढच्या गरोदरपणात गर्भाची तपासणी करून ही शंका दूर करता येते, मात्र त्यासाठी पहिल्या मुलातील बदलाची नोंद अचूक हवी. म्हणून तो अहवाल जपून ठेवावा, आणि काही वर्षांनी प्रयोगशाळेला त्या बदलाचे वर्गीकरण पुन्हा तपासण्याची विनंती करावी. नवे रुग्ण नोंदले जातात, नवे प्रयोग होतात, तशी आज अनिश्चित मानल्या गेलेल्या बदलांची वर्गवारी बदलत असते.